फू मी बंदरातला एक दिवस आणि आबांचा पुतळा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हा प्रसंग आमच्याच घरातला. गाव, जहाज आणि माणसांची नावं सांगत नाही, बाकी घडलं तसं लिहिते.

आबा माझे थोरले चुलते, वय ७९. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झाले. नोकरीची पहिली सहा वर्षं मात्र कोकणात, खाडीकाठच्या एका गावात काढली. दर हिवाळ्यात नववीची मुलं घेऊन रायगडाला जायचे. १९९६ साली रोपवे सुरू झाला, तरी आबांची सहल पायऱ्यांनीच चढायची. काकी गेल्यापासून मात्र ते घराबाहेर पडेनासे झाले. म्हणून दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, सिंगापूरहून निघणारी पाच रात्रींची क्रूझ ठरवली. आम्ही लहानमोठी मिळून अकरा जणं. जहाज वाटेत एकदाच थांबणार होतं, व्हिएतनाममधल्या फू मी बंदरात.

व्हिएतनामचं नाव ऐकताच आबा ताठ बसले. कारण तो मेसेज. मराठी घरातल्या जवळपास प्रत्येक फोनवर तो कधी ना कधी येऊन गेलाय. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामच्या अध्यक्षांनी विजयाचं श्रेय शिवाजी महाराजांना दिलं, स्वतःच्या समाधीवर महाराजांचा शिष्य असं कोरून घेतलं, पुढे त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई रायगडावर आल्या आणि तिथली मूठभर माती घेऊन गेल्या. महाराजांचा पुतळाही तिथे आहे, अशी जोडही काही मेसेजमध्ये असते. आबांनी तो वहीत उतरवून ठेवला होता. त्यांना त्या पुतळ्यासमोर उभं राहायचं होतं.

अडचण

व्हिसाचं काम माझ्याकडे होतं. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हे आधी बघितलं. जहाज परत तिथेच येतं, एकदाच शिरायचा व्हिसा असेल तर परतताना अडकायला होतं. मग व्हिएतनामचा ई-व्हिसा, माणशी २५ डॉलर. हे करता करता म्हटलं, पुतळ्याचा पत्ता काढून ठेवावा, गाडीवाल्याला सांगायला बरा.

पत्ता मिळेना. मिळाला तो त्याच मेसेजचा हिंदी अवतार. सगळं तसंच, मंत्रीबाई आणि मूठभर मातीसकट. फक्त शिवाजी महाराजांच्या जागी महाराणा प्रताप आणि रायगडाच्या जागी राजस्थान. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. मग एकेक धागा तपासला. मेसेजमधले अध्यक्ष म्हणजे हो चि मिन्ह. त्यांचा देह उत्तरेकडच्या राजधानीत, हनोईत जतन केलाय आणि त्या स्मारकाच्या दर्शनी भागावर 'अध्यक्ष हो चि मिन्ह' एवढीच अक्षरं आहेत. न्गुयेन थी बिन्ह नावाच्या परराष्ट्रमंत्री बाई खरोखर होत्या, १९७३ च्या पॅरिस करारावर त्यांची सही आहे. पण त्या रायगडावर आल्याला काही पुरावा नाही. शिवाय हनोई ते फू मीजवळचं हो चि मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सैगॉन, हे अंतर रेल्वेने १,७२६ किलोमीटर. आम्ही उतरणार होतो दक्षिणेच्या टोकाला.

निघायला तीन आठवडे होते. आबांना सांगायचं की नाही, ही खरी अडचण. पुतळा सापडतो की नाही हा प्रश्न तिथेच संपला होता.

पहिला निर्णय : सांगायचं का?

दादा, वहिनी, मी आणि माझा भाचा असे चौघं फोनवर बोललो. आत्ताच सांगावं, असा एक विचार होता. त्यात भीती ही की आबा "मग मी नाही येत" म्हणतील. वेळ मारून न्यावी, तिकडे गेल्यावर "वेळ नाही पुरला" म्हणावं, असा दुसरा. तिसरा भाच्याचा. त्याने फोनवर एक फोटो काढून दाखवला : सैगॉन नदीच्या काठी उंच चौथऱ्यावर उभा योद्धा, एक हात तलवारीवर, दुसरा नदीकडे रोखलेला. तो म्हणाला, "हाच तो म्हणून सांगू. आबांना लांबून काय कळणार?"

तिसऱ्याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. ज्या माणसाने मला सनावळ्या शिकवल्या, त्याला मी दुसऱ्या कुणाचा पुतळा महाराजांचा म्हणून दाखवू? आणि तो ज्यांचा आहे त्या वीराचाही तो अपमानच. पण पहिलं करायची हिंमत माझ्यात नव्हती. दादा म्हणाला, "कशाला हिरमोड करायचा, तिथं गेल्यावर बघू." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ती, आणि त्या दिवशी तो आम्हाला समजूतदारपणा वाटला होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलले. आबांनी रायगडाची माती एका डबीत भरून ठेवली होती. माती, बी-बियाणं, रोपं परदेशात नेण्यावर निर्बंध असतात, ती नेता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका वाक्यात ऐकलं, डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि तिच्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर राजमुद्रेचा श्लोक शाईपेनाने लिहून घेतला. प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता. खाली इंग्रजीत अर्थ. नियम कळला की आबा लगेच मानतात, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसरा निर्णय : दिवस कसा घालवायचा

फू मी हे थी वाय नदीवरचं मालवाहू बंदर. जुलै २०२५ पासून तो भाग कागदोपत्री हो चि मिन्ह सिटीतच आलाय, पण शहराचा मध्य तिथून सुमारे ७० किलोमीटर आहे आणि रहदारीत जायला दोन तास सहज लागतात. आमचं जहाज सकाळी सातला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार होतं, सगळ्यांनी साडेचारपर्यंत परत यायचं. म्हणजे दहा तासांतले चार रस्त्यावर.

जहाजाची बस घेतली असती तर उशीर झाला तरी जहाज थांबतं, पण थांबे त्यांचे. शहरात न जाता जवळच्या वुंग ताऊच्या समुद्रकिनाऱ्यावर जाता आलं असतं. पोरांना तेच हवं होतं. भाच्याला कू चीची युद्धातली भुयारं बघायची होती, पण ती शहराच्याही पलीकडे, वायव्येला. दहा तासांत जमणारं काम नव्हे. शेवटी सोळा सीटची गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाईड असं स्वतंत्र ठरवलं, आबांच्या पावलाने चालता यावं म्हणून. शहरातून काही झालं तरी दीडला निघायचं, असं लिहून घेतलं.

आदल्या रात्री जहाजावरची घड्याळं एक तास मागे केली, कारण व्हिएतनाम सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आबांनी मनगटावरच्या घड्याळाची किल्ली फिरवून वेळ लावली आणि दोनदा मला विचारून खात्री केली.

त्या दिवशी काय झालं

गाईड पंचविशीतला मुलगा होता. महामार्गाला लागून वीस मिनिटं झाली असतील, आबांनी सीटवरून पुढे वाकून शांत, जुन्या धाटणीच्या इंग्रजीत त्याला विचारलं, "शिवाजी महाराजांचा पुतळा आपण किती वाजता बघणार?"

त्याने नाव पुन्हा विचारलं, स्पेलिंग फोनवर लिहून घेतलं, बराच वेळ शोधलं. मग मागे वळून अदबीने म्हणाला, "असा पुतळा आमच्या शहरात नाही, आजोबा. ताओ दान पार्कमध्ये महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे. २०२३ साली बसवला. तिकडे नेऊ का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो, आबा."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. गाडीत कुणी बोलेना. मी हळूहळू सगळं सांगितलं, हिंदी मेसेज, हनोईचं स्मारक, मंत्रीबाई. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. शहराच्या अलीकडे सैगॉन नदीवरचा पूल आला तेव्हा म्हणाले, "शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी टाकलाय तो. दोन वर्षांमागं पंधरा ऑगस्टला बोलावलं होतं शाळेत, तिथं झेंड्याखाली उभं राहून सांगितलाय. मास्तर म्हणून."

तेव्हा मला उमगलं की आम्ही चौघांनी चुकीच्याच दुःखाची काळजी घेतली होती. पुतळा नसल्याचं आबांना फार वाटलं नव्हतं. आपण पोरांना खोटं शिकवलं, हे त्यांना लागलं होतं. आणि ते दुरुस्त करायला त्यांना मिळू शकणारे तीन आठवडे आम्ही खाऊन टाकले होते.

गाईडला बोलणं कळलं नाही, पण गाडीतला ताण कळला असावा. आधी पोस्ट ऑफिस ठरलं होतं. फ्रेंचांनी १८९१ साली पूर्ण केलेली ती पिवळी इमारत आम्ही बाहेरूनच बघितली आणि त्याने गाडी सरळ नदीकाठी नेली. बाख दांग धक्का. समोर भाच्याने फोटोत दाखवलेला तोच योद्धा. आबांनी टोपी सरळ केली आणि विचारलं, "हे कोण?"

"त्रान हुंग दाओ."

मुलगा सांगायला लागला आणि अर्धा तास सांगत राहिला. तेराव्या शतकात मंगोल सैन्य तीनदा व्हिएतनामवर चालून आलं. तिसऱ्या स्वारीच्या शेवटी, १२८८ साली, उत्तरेकडच्या बाख दांग नदीत त्रान हुंग दाओने लाकडी मेखा ठोकून ठेवल्या. भरतीच्या पाण्यात त्या दिसत नव्हत्या. छोट्या होड्या पाठीमागे पळत असल्याचं दाखवून मंगोल आरमाराला आत ओढलं, आणि ओहोटी लागल्यावर जड गलबतं मेखांवर अडकली. तीच युक्ती त्याच नदीत ९३८ साली न्गो क्वेनने केली होती, साडेतीनशे वर्षं आधी.

आबांनी सहलीच्या कागदाची मागची बाजू पुढे केली. "काढून दाखव."

मुलाने नदी काढली, मेखा काढल्या. आबांनी त्याच्या हातातून पेन घेतलं. "म्हणजे प्रवाहाच्या उलट तिरप्या? आणि भरती किती हाताची? भरती-ओहोटीचं गणित आधी कुणी मांडलं? कोळ्यांनी?" मुलाला सगळी उत्तरं येत नव्हती, त्याने तसं सांगितलं. आबांचा चेहरा त्या उत्तराने खुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, "विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीची आठवण होते गं. समुद्र ज्याला कळतो त्याचं अर्धं सैन्य पाण्यात असतं."

पुढे चालत न्गुयेन ह्युए रस्त्यावर गेलो. ते नावही एका राजाचं, ज्याने १७८९ च्या तेत सणात, म्हणजे तिथल्या नववर्षात, चिनी फौजेवर अचानक हल्ला करून तिला पिटाळलं. शेजारचा रस्ता ले लोयचा. तो १४१८ ते १४२७ अशी दहा वर्षं, सुरुवातीला डोंगरात राहून, चीनच्या मिंग सैन्याशी लढला आणि मग राजा झाला. आबा प्रत्येक नावाशी थांबत होते, वहीत सन लिहीत होते. "यांना आपल्याकडून गनिमी कावा शिकायची गरजच काय होती?" असं ते म्हणाले, तेव्हा आवाजात कडवटपणा नव्हता, कौतुक होतं. मुलाने सांगितलं की दिएन बिएन फूला १९५४ साली फ्रेंचांना हरवणारे सेनापती वो न्गुयेन ग्याप आधी हनोईच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे.

"इतिहासाचा मास्तर?" आबांनी दोनदा विचारलं.

दीड वाजता आम्ही खरंच निघालो. बेन थान मार्केट राहिलं, गांधीजींचा पुतळा राहिला, वहिनींची खरेदी राहिली. बंदराच्या फाटकाशी आबांनी खिशातून तो राजमुद्रेचा कागद काढला. आता तो कुठे ठेवायचा, असं त्यांना झालं असणार. त्यांनी तो मुलाला दिला आणि अर्थ सांगितला : प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी. मुलगा पटकन म्हणाला, "आमच्याकडेही महिन्याचा पहिला दिवस चंद्रावर. आई त्या दिवशी उदबत्ती लावते, मांसमच्छी खात नाही." त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला. आबांनीही तो दोन्ही हातांनी दिला होता.

बंदर सोडताना

पाचला दोर सुटले. बाकीचे जेवायच्या रांगेकडे गेले. आबा आणि मी सातव्या डेकवर कठड्याला टेकून उभे राहिलो.

समुद्र बंदरापासून लांब आहे, जहाजाला आधी नदी उतरून जावं लागतं. डाव्या हाताला 'काय मेप' बंदरातल्या कंटेनर धक्क्यांच्या क्रेन एकामागून एक सरकत होत्या. उजव्या हाताला मात्र हिरवं, सपाट, न संपणारं. ते कान ज्यॉचं कांदळवन. युद्धात अमेरिकी विमानांनी विषारी फवारे मारून ते जाळून टाकलं होतं. १९७८ पासून लोकांनी ते हाताने परत लावलं, आणि २००० साली युनेस्कोने त्याला जैविक राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. मी हे वाचून गेले होते. आबांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत.

मग काठाकडे बोट करून म्हणाले, "ओहोटी लागलीय."

मी बघितलं. झाडांच्या मुळांवर ओल्या चिखलाचा हातभर पट्टा उघडा पडला होता, वरच्या पानांपेक्षा काळा, चकचकीत. तिवरांच्या मुळ्या बोटांसारख्या वर आल्या होत्या. एक लाकडी होडी काठाला अर्धी चिखलात टेकली होती. तिच्या नाळेवर लाल रंग आणि दोन मोठे डोळे काढलेले. आबा ती होडी मागे पडेपर्यंत बघत राहिले. कोकणात असताना, म्हणाले, खाडीत अशीच होडी अडकायची, आणि तांडेल हसून म्हणायचा, मास्तर, आता पाणी येईतो पाढे म्हणा.

वुंग ताऊचे दिवे दिसायला लागले तेव्हा अंधार झाला होता. आबांनी विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." ते म्हणाले, "वाईट वाटलंच असतं. पण मी घरी असतो, माझ्या खुर्चीवर. गाडीत अकरा माणसांत नसतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि गळ्याभोवतीचा मफलर माझ्या खांद्यावर टाकला, वारा सुटला होता.

वेगळं काय करता आलं असतं

कळलं त्याच संध्याकाळी आबांकडे जायला हवं होतं. सांगण्याचा सूरही बदलायला हवा होता : "हा मेसेज खोटा आहे" असं न म्हणता, "आबा, मला दोन मेसेज मिळालेत, एकात महाराज, एकात महाराणा, तुम्ही बघा" असं. पुरावे तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आम्ही त्यांना म्हातारं, हळवं माणूस समजलो आणि त्यांच्यातल्या मास्तरला विचारलंच नाही. माझी खात्री आहे, त्यांनी तीन आठवड्यांत ले लोयपासून ग्यापपर्यंत सगळं वाचून काढलं असतं, आणि त्या मुलाला त्यांनी आणखी अवघड प्रश्न विचारले असते.

गाडीचा निर्णय आबांच्या दृष्टीने बरोबर ठरला, पण त्यात धोका होता. त्या महामार्गावर कंटेनरच्या ट्रकांची रांग असते. एखादा अपघात झाला असता तर जहाज आमच्यासाठी थांबलं नसतं, आणि आबांची रक्तदाबाची औषधं केबिनमध्ये होती. पुढच्या वेळी औषधं, पासपोर्टच्या प्रती आणि एका रात्रीचे कपडे उतरताना सोबत.

नंतर काय झालं

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आबांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते, टाइप मात्र त्यांनीच केलं, एका बोटाने, पाऊण तास. मी अमुक साली हा मेसेज पाठवला, तो चुकीचा होता, शाळेत भाषणात सांगितलं तेही चुकीचं होतं, हे पुरावे. खाली बाख दांगची लढाई, सनांसकट. दोघे जण ग्रुप सोडून गेले. एकाने रागाने लिहिलं, "सर, तुम्हीसुद्धा?" आबांनी त्याला फोन केला आणि अर्धा तास बोलले. मुख्याध्यापकांनी नव्या वर्षात नववीसमोर त्रान हुंग दाओवर बोलायला बोलावलंय. त्यासाठी मेखांचं चित्र मोठ्या कागदावर काढायचं काम भाच्याकडे आलंय.

मातीची डबी देव्हाऱ्यातच आहे.

गेल्या आठवड्यात त्या गाईड मुलाचा माझ्या फोनवर फोटो आला. घरातल्या पूर्वजांच्या वेदीवर उदबत्तीच्या भांड्यामागे राजमुद्रेचा कागद उभा केलेला, आणि खाली ओळ : आज आमचा महिन्याचा पहिला दिवस. आबांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला, मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि बोट ठेवून तारीख शोधली. तिथे अमावास्या होती.

"त्यांचा महिना आपल्या आधी सुरू होतो की काय?" ते म्हणाले. "विचार त्याला, मोजतात कसे ते."